पापण्यांची सर्जरी गुंगीत करायची, तर 'घोरता का?' हे कशाला विचारतात?

घोडबंदरकर:
सासरे, वय ६७. वरच्या पापण्या इतक्या लोंबल्यात की पेपर वाचताना भुवया ताणून धरतात. प्लास्टिक सर्जन म्हणाले, लोकल (तेवढ्याच जागेची भूल) देऊ, वर थोडं सेडेशन, म्हणजे गुंगी, संध्याकाळी घरी. मग भूलतज्ज्ञ बाईंची उलटतपासणी: घोरता का, दारू किती, झोपेची गोळी चालू आहे का. टेप घेऊन गळ्याचा घेरसुद्धा मोजला! निकाल काय, तर आधी स्लीप स्टडी (झोपेत श्वास कसा चालतो याची तपासणी) करा, नाहीतर नुसत्या लोकलवर उरका. पापणी कापायचीय, हृदय नाही. मला तरी हे बिल फुगवणं वाटतं.

वाशीची_मावशी:
+१. माझ्या भाचीचं लायपोसक्शन गुंगीतच झालं, तिला कोणी गळा-बिळा विचारला नाही. दुपारी घरी येऊन भेळ मागत होती.

भूलवाली_नेरुळ:
मावशी, भाची तरुण आणि धडधाकट असणार. सर्जरी छोटी म्हणून गुंगी सोपी, हे गणितच चुकतं; गुंगी माणसाला देतात, पापणीला नाही. घोरणाऱ्याचा घसा औषधाने आणखी सैल पडतो, श्वास अडतो. अशा वेळी हनुवटी उचलून धरायची, पण तिथे निर्जंतुक कापडं आणि सर्जनचे हात. नाकाला ऑक्सिजन वाढवावा, तर शेजारीच कॉटरी (रक्त थांबवायला डाग देणारं विजेचं उपकरण) चालू; ठिणगी पडली तर आग लागू शकते.
वय वाढलं की मिडॅझोलाम, म्हणजे गुंगीचं औषध, कमी पुरतं. काही वयस्कर त्याने शांत व्हायचे सोडून बिथरतात, उठून बसायला बघतात. डोळ्यापाशी ब्लेड असताना! रोज पिणाऱ्याला उलट जास्त डोस लागू शकतो, आणि डोस चढवत गेलं, त्यात फेंटॅनिल (जोरदार वेदनाशामक) असलं, की श्वास कधी मंदावेल सांगता येत नाही.

कोपरीचा_आगाऊ:
ती झोपेत श्वास अडण्याचा धोका मोजणारी 'स्टॉप-बँग' प्रश्नावली ना? पुरुष असल्याचा एक गुण, पन्नाशी ओलांडल्याचा एक. घोरणं धरलं की झाले तीन, म्हणजे मध्यम धोका. अर्धं ठाणे स्लीप स्टडीला पाठवणार का?

भूलवाली_नेरुळ:
मुद्दा बरोबर आहे. नुसत्या तीन गुणांवर मीही पाठवणार नाही. पाच-सहा भरले, त्यात झोपेत श्वास थांबतो असं घरचेच सांगत असतील, तर पाठवीन. पण नुसतं लोकल हा पर्याय त्यांनी दिलाय ना? त्यात कुठलं बिल फुगतं? पापण्यांना ते बहुतेकांना पुरतं, माणूस घाबरट नसला म्हणजे झालं.

वाशीची_मावशी:
भाची आता वजनाचं इंजेक्शन घेते, आठवड्याला एक. पुढच्या वेळी सांगायचं का?

भूलवाली_नेरुळ:
आवर्जून! त्याने पोट उशिरा रिकामं होतं. उपास पाळूनही अन्न राहू शकतं, आणि गुंगीत ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये आठवडाभर आधी थांबवा म्हटलं होतं. २०२४ पासून सरसकट थांबवू नका, रुग्ण बघून ठरवा, असं म्हणतात. मनाने बंद करू नका.

घोडबंदरकर:
सासूबाईंना विचारलं. श्वास थांबतो, त्या कोपराने ढोसतात, मग सुरू होतो. दारूचं बाईंना 'सणासुदीला' सांगितलं होतं म्हणे, प्रत्यक्षात रोज दोन पेग. उद्या फोन करून खरं काय ते कळवतो. टेपबद्दलचं मत तूर्त राखून.

कोपरीचा_आगाऊ:
सासऱ्यांसमोर कळवणार का? हिंमत आहे.