मदत हवी आहे: जुन्या पिकअपच्या हेडलाइटचा उजेड कसा वाढवावा?

नमस्कार मंडळी. आमची पिकअप जुनी आहे, पण इंजिन अजून खणखणीत. ओतूरहून माळशेज घाटाने कल्याणला भाजी न्यायची, म्हणजे रात्रीचाच प्रवास. पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं की डिपरवर (खालच्या उजेडावर) रस्त्याची कडासुद्धा दिसत नाही.

बल्ब साधे एच४ हॅलोजन, अप्पर ६० आणि डिपर ५५ वॅटचे. काचा पॉलिश करून झाल्या, थोडा फरक पडला. मग मल्टिमीटर लावला: इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर जेमतेम ११.४. म्हणजे करंट स्विच आणि जुन्या वायरिंगमधून फिरून येताना व्होल्टेज वाटेतच पडतोय. हॅलोजनला एवढा व्होल्टेज कमी पडला की उजेड फारच घटतो.

वायरमन म्हणतो, सरळ १००/९० वॅटचे बल्ब टाका. मला ते पटत नाही. ते नियमात बसत नाहीत, शिवाय होल्डर वितळायचे. एलईडी बल्बही पटत नाहीत. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये उजेड कुठेही फाकतो आणि समोरच्या एसटीवाल्याच्या डोळ्यांत जातो. धुक्यात तर असा फाकलेला उजेड आपल्याच तोंडावर परत येतो.

म्हणून बॅटरीवरून फ्यूज टाकून थेट लाइन आणि अप्पर-डिपरला वेगवेगळे रिले (कमी करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच), असा विचार आहे. कुणी केलंय का? वायर २.५ चौरस मिमी पुरेल ना? तयार हार्नेस (वायरींचा जोडलेला संच) घ्यावा की वायरमनकडून बनवून घ्यावा? आणि रिफ्लेक्टरची चकाकी गेली असेल तर पूर्ण हेडलाइटच बदलावा लागेल का?