१२ हेक्टरच्या लेआउटला एकच एन्ट्री पुरेल का? दुसरा रस्ता कुठून काढावा?

कच्चानकाशा:
नमस्कार मंडळी. आम्ही चौघे भागीदार मिळून साधारण १२ हेक्टरवर रहिवासी लेआउट पाडतोय, १४० च्या आसपास प्लॉट बसतायत. पुढे मोठा रस्ता, मागे नाला, दोन्ही बाजूंना मोकळी जमीन आहे, तीही आज ना उद्या डेव्हलप होणारच. पहिल्या ड्राफ्टमध्ये मोठ्या रस्त्यावरून एकच एन्ट्री, आत सगळे डेड एंड (पुढे बंद होणारे रस्ते), आणि ओपन स्पेस म्हणून नाल्याकडचे उरलेसुरले त्रिकोणी तुकडे दाखवलेत. बाकीच्यांना हे पसंत आहे, म्हणतात बाहेरची गाडी आत फिरकणार नाही, लोकांना शांतता हवी असते. मला काही ते पटत नाहीये, उद्या पाइपलाइनसाठी तेवढाच रस्ता खोदला तर १४० घरं आत अडकणार. पण मीटिंगमध्ये नुसतं "पटत नाही" म्हणून चालत नाही ना. दुसरी एन्ट्री कुठून घ्यावी? आणि दोन-चार दुकानं ठेवायची तर कुठे?

मोजपट्टी:
शंका अगदी रास्त आहे, हा ड्राफ्ट पुढे पाठवू नका. इंटरनॅशनल फायर कोड म्हणून जी नमुना नियमावली आहे तिच्या परिशिष्टात स्पष्ट दिलंय, स्वतंत्र घरांची वसाहत ३० घरांच्या वर गेली की अग्निशमन गाडीसाठी दोन वेगळे रस्ते हवेत (सगळ्या घरांत आग लागली की आपोआप पाणी फवारणारे स्प्रिंकलर असतील तर सूट आहे), आणि ते दोन रस्ते एकमेकांपासून जागेच्या सगळ्यात लांब कर्णाच्या निम्मे तरी दूर हवेत. म्हणजे एकाच फ्रंटवर शेजारी शेजारी दोन गेट काढले तर ती एकच एन्ट्री धरायची. तुमच्याकडचे आकडे वेगळे असतील ते आधी बघून घ्या, कारण मात्र सगळीकडे तेच.

अजून एक. त्याच नियमांत ४५ मीटरपेक्षा लांब डेड एंडला गाडी वळवायची सोय मागितलीय, आणि रस्ता साधारण ६ मीटर मोकळा. मोकळा म्हणजे गाड्या लागल्यावर उरलेला. नकाशावर ९ मीटरचा रस्ता छान दिसतो, पण रात्री दोन्ही कडेला कार लागल्या की मधे जेमतेम ५ मीटर उरतात, तिथून बंब रिव्हर्स घ्यायचा म्हणजे काय ते भागीदारांना विचारा.

तिठा:
वर मोजपट्टी बोलले त्याला जोडून. शांतता हवी हे भागीदारांचं म्हणणं चूक नाहीये, पण त्यासाठी वसाहत कोंडायची गरज नाही. मोठ्या रस्त्यापासून मागपर्यंत एक सरळसोट रस्ता ठेवू नका, मधे एकदोनदा तोडा, म्हणजे शॉर्टकट म्हणून कोणी घुसत नाही. आतले जंक्शन शक्यतो टी आकाराचे करा, चौकात गाड्यांच्या वाटा ३२ ठिकाणी एकमेकींना छेदतात किंवा मिळतात, टी ला फक्त ९ ठिकाणी. डेड एंड ठेवलाच तर टोकाला पायवाट काढून पुढच्या गल्लीत सोडा, नाहीतर पोरांना मागच्या घरी जायला अख्खा वळसा. अमेरिकेतल्या १९२९ च्या रॅडबर्न वसाहतीत गाड्यांना डेड एंड आणि चालणाऱ्यांना मागून सलग बाग असंच केलं होतं, पुढे नक्कल करणाऱ्यांनी डेड एंड तेवढे उचलले आणि पायवाटा विसरले, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरा रस्ता दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जमिनीच्या हद्दीपर्यंत न्या. मात्र शेजारी कधी बांधेल ते तुमच्या हातात नाही, त्यामुळे तोवर मोठ्या रस्त्यावर दुसऱ्या टोकाला इमर्जन्सीपुरता रस्ता ठेवा. आणि हद्दीवर पहिल्या दिवसापासून पाटी लावा की हा रस्ता पुढे जाणार आहे, नाहीतर टोकाला राहणारे त्याला आपलं अंगण समजतात आणि जोडायच्या वेळी विरोध करतात.

नाल्याकाठची:
सगळे रस्त्याचंच बोलतायत, मी पाण्याचं बोलते. आधी कंटूर, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या रेषा, काढून घ्या, प्लॉट नंतर पाडा. आज जे पाणी मातीत मुरतंय ते उद्या छपरांवरून आणि डांबरावरून एकदम नाल्याकडे येणार. तिथे तुकडे नकोत, नाल्याला लागून सलग पट्टा सोडा, मधे पाणी थोपवायला उथळ खड्डा, तोच एरवी मैदान. पट्ट्याच्या कडेने रस्ता आणि घरांची तोंडं त्याच्याकडे. सगळ्यांच्या मागच्या भिंती तिकडे आल्या तर वर्षभरात तिथे कचराच दिसेल.

दुकानं आत खोल ठेवू नका, १४० घरांवर ती तगत नाहीत. मोठ्या रस्त्याच्या एन्ट्रीजवळ ठेवा म्हणजे बाहेरचं गिऱ्हाईकही मिळतं, पण गाड्या आतल्या रस्त्यावरून आत घ्या. मोठ्या रस्त्यालगतच्या घरांनाही तिकडून गेट देऊ नका.

कच्चानकाशा:
खूप मदत झाली सगळ्यांची. एकच विचारतो, एक भागीदार म्हणतोय रस्ता हद्दीच्या १ मीटर अलीकडे थांबवू, ती पट्टी आपल्या नावावर ठेवू, म्हणजे शेजारी जोडायला आला की पैसे मागता येतील. असं करतात का?

तिठा:
करतात, आणि त्यातूनच कायमचे अडकतात. शेजारी पैसे द्यायच्या ऐवजी आपला नकाशाच दुसरीकडे वळवतो आणि तुमच्या १४० घरांचा दुसरा रस्ता गेला तो गेलाच. रस्ता थेट हद्दीच्या रेषेपर्यंत सार्वजनिक म्हणून दाखवा. पट्टी ठेवायचीच असेल तर ती मंजुरी देणाऱ्या संस्थेच्या नावावर करा, भागीदारांच्या नाही, आणि हे प्लॉट विकायच्या आधी कागदावर आणा.