ताशी 90, महिना 19,500 की वर्षाला 3.12 लाख? तुलना कशी करायची?

व्हीएमसी_कुपवाड
ऑपरेटरच्या कामाच्या तीन ऑफर आहेत, राहायला मिरजेत.
1) कुपवाड एमआयडीसी, ठेकेदाराकडे. ताशी 90 रुपये, 8 तास, पीएफ नाही, ओटी (जादा तासांचं काम) त्याच दराने.
2) कुपवाडातच, कंपनीच्या रोलवर. ग्रॉस (कपातीआधीचा पगार) 19,500, त्यात बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) 15,000. ओटी डबल.
3) शिरवळ (सातारा जिल्हा), तिथं खोली करून राहावं लागेल. सीटीसी 3,12,000.
तिन्हीकडे रविवार सुट्टी. 3,12,000 भागिले 12 म्हणजे 26,000, म्हणजे तिसरी सरळ पुढे असं घरचे म्हणतात. बरोबर आहे का?

पगारपत्रक
नाही. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, त्याला 12 ने भागून पगार निघत नाही. पण आधी पहिल्या दोन घेऊ.

तासावरून महिना काढायचा आकडा 208. 26 दिवस गुणिले 8 तास, किंवा आठवड्याचे 48 गुणिले 52 भागिले 12, दोन्हीकडून 208 च येतो. म्हणून ठेकेदार सांगणार, 90 × 208 = 18,720. हा आकडा कागदावरचा. तिथं सुट्टीचा दिवस म्हणजे बिनपगारी दिवस. 365 मधून 52 रविवार, 8 सणाच्या सुट्ट्या आणि आजारपण, लग्नकार्य, गावची जत्रा यांचे 12 खाडे काढा. राहिले 293 दिवस, म्हणजे 2,344 तास. वर्षाचे 2,10,960, महिन्याला सरासरी 17,580.

दुसरीत सुट्ट्या आणि 12 रजा पगारी धरल्या, तर 19,500 मधून पीएफ 1,800, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) 0.75 टक्क्याने 147 आणि व्यवसाय कर 200 जातो. हातात 17,353. (फेब्रुवारीत व्यवसाय कर 300, त्या महिन्यात 100 कमी.)

आता बघा, हातात ठेकेदाराचे 227 जास्त दिसतात. पोरं इथंच फसतात. दुसरीकडे तुमचे 1,800 आणि कंपनीचे 1,800 असे 3,600 दरमहा तुमच्या नावावर पडतायत. शिवाय वर्षभराच्या 2,34,000 ला प्रत्यक्ष कामाच्या 2,344 तासांनी भागलं, तर ताशी 99.83 पडतो.

शिफ्ट_बी
वरचा हिशोब बरोबर, पण ओटी राहिला. खरा फरक तिथं आहे.

19,500 भागिले 208 = 93.75, डबल 187.50. महिन्याला 40 तास ओटी झाला तर 7,500. ठेकेदाराकडे तेवढ्याच तासांचे 3,600. ठरलेल्या तासांच्या वर गेलं की कारखान्यात दुप्पट दर कायद्यानेच आहे, ठेकेदाराच्या माणसालाही. मिळतो का, हा वेगळा विषय.

दुसऱ्या कंपनीला एक गोष्ट आधीच विचारा: भाजक कोणता, म्हणजे ताशी दर काढायला पगाराला किती तासांनी भागता? काही ठिकाणी खाड्याला 26 ने भागून 750 कापतात आणि ओटीला मात्र 30 दिवसांचे 240 तास धरतात. मग दर 81.25, डबल 162.50. तासाला 25 रुपये गेले, 40 तासांत 1,000. पावतीवर ओटीची रक्कम भागिले तास करा, लगेच कळतं.

आणि पंचिंगच्या रिपोर्टात 212.45 असेल तर ते 212 तास 45 मिनिटं, म्हणजे 212.75. तसाच आकडा एक्सेलमध्ये गुणला की पैसे कमी निघतात.

व्हीएमसी_कुपवाड
हे माहीत नव्हतं. शिरवळच्या पत्रात असं आहे: ग्रॉस 20,400 (बेसिक 15,000), कंपनीचा पीएफ 21,600, ईएसआय 7,956, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) 8,658, बोनस 14,994, परफॉर्मन्स पे (कामगिरीवरचे पैसे) 13,992. जेवणाची अर्धा तास सुट्टी धरून साडेआठ तासांची शिफ्ट.

पगारपत्रक
बेरीज जुळते, 3,12,000. हातात येणार 20,400 − 1,800 − 153 − 200 = 18,247. तुमचे 26,000 इथं संपले.

आता कुपवाडची दुसरी ऑफर याच साच्यात मांडा. 2,34,000 + 21,600 + 7,608 + 8,658 + 14,994 = 2,86,860. म्हणजे फरक 25,140 आणि त्यातले 13,992 परफॉर्मन्सचे, ते मिळतीलच असं नाही. उरले 11,148, महिन्याला 929. एवढ्यात शिरवळला खोलीचा वाटा तरी निघेल का? मेसचे पैसे वेगळेच.

बोनस मी दोन्हीकडे पूर्ण बेसिकवर 8.33 टक्के धरलाय. कायद्याची मर्यादा 7,000 किंवा किमान वेतन, यातली जास्त असेल ती. दुसरी कंपनी कशावर देते ते विचारून घ्या. ग्रॅच्युइटी पाच वर्षं भरल्यावरच, तोवर ती रक्कम कागदावर. तास दोन्हीकडे 8 च धरा, जेवणाचा अर्धा तास बिनपगारी आहे.

शिफ्ट_बी
एक राहिलं. ईएसआय लागू होण्याची 21,000 पगाराची मर्यादा ओटी वगळून बघतात, पण वर्गणी मात्र ओटीवरही कापतात. 7,500 ओटी झाला तर आणखी 56-57 रुपये जातील, पीएफ ओटीवर कापत नाहीत. शिरवळला ओटी किती मिळतो, विचारलंत का?

व्हीएमसी_कुपवाड
विचारलं. तीन शिफ्ट चालतात, ओटी जवळजवळ नाहीच. दुसऱ्या कंपनीला भाजकाचं विचारतो, 208 म्हणाले तर सोमवारी कागदपत्रं देतो.