आजोबांच्या पेटीतली जुनी पाकिटं आणि सहावीतली भाची: तिकीटसंग्रहाची सुरुवात कशी करावी?

महालची मावशी

नमस्कार मंडळी. नागपुरात महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी पत्र्याची एक पेटी निघाली. आत चारेकशे पाकिटं, पोस्टकार्डं आणि आंतरदेशीय पत्रं आहेत, साधारण १९४० पासून १९८५ पर्यंतची. बहुतेकांवर तिकिटं शाबूत आहेत. भाची सहावीत आहे आणि तिला यातूनच संग्रह सुरू करायचा आहे. तिकिटं पाण्यात भिजवून काढतात हे ठाऊक आहे, पण कोणती काढायची आणि कोणती नाही ते कळत नाही. नवी तिकिटं नागपुरात कुठे मिळतात? सुरुवातीला काय काय विकत घ्यावं लागेल? हौसेचं काम आहे, विकायचा विचार नाही. तरी अजाणता काही नासू नये, म्हणून आधी विचारते.

दाते मोजा

ताई, आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. कात्री आणि पाणी सध्या दोन्ही बाजूला ठेवा. पेटीतल्या मालाचे आधी दोन ढीग करा. १९७२ च्या आधीचं, शिक्का वाचता येणारं अख्खं पाकीट किंवा कार्ड पहिल्या ढिगात. त्यातलं एकही तिकीट काढू नका. अख्ख्या पाकिटावर तिकीट, शिक्का, पत्ता आणि त्या वेळचा टपालदर एकत्र असतो. तिकीट सुटं केलं की यातलं फक्त तिकीट उरतं, आणि तसली सुटी तिकिटं पैशाला पासरी मिळतात.

दुसऱ्या ढिगात नंतरची साधी, फाटकी, शिक्का पुसट झालेली पाकिटं. भाचीला हात बसवायला तीच घ्या.

तिकिटाभोवती सेंटिमीटरभर कागद ठेवून कापा, तिकिटाच्या दात्यांना कात्री लागू देऊ नका. पसरट भांड्यात साधं पाणी घ्या, गरम नको. एका वेळी पंधरा-वीस तुकडे, चित्राची बाजू वर करून सोडा. पंधरा ते वीस मिनिटांत तिकीट आपोआप कागदावरून सरकतं. सरकलं नाही तर आणखी दहा मिनिटं थांबा. ओढलं की मागचा कागद सोलला जातो आणि तिकीट पातळ पडतं. उजेडासमोर धरलं की असा पातळ डाग लगेच दिसतो, आणि मग त्या तिकिटाला संग्रहात किंमत राहत नाही. सुटलेलं तिकीट दुसऱ्या वाडग्यातल्या स्वच्छ पाण्यात बुडवून मागचा बुळबुळीत गोंद बोटाने हलकेच काढा. नंतर टिपकागदावर चित्राची बाजू खाली करून ठेवा, म्हणजे उरलासुरला गोंद कागदाला चिकटणार नाही. वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई उतरते.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंख्याखाली तिकीट पाहता पाहता गुंडाळतं. म्हणून ते थोडं ओलसर असतानाच दोन टिपकागदांमध्ये घालून जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबा.

लग्नपत्रिकेची लाल-गुलाबी पाकिटं एकेकटी भिजवा. त्यांचा रंग सुटतो आणि अख्खं भांडं गुलाबी होतं. जांभळ्या शाईच्या रबरी शिक्क्याचंही तेच. अलीकडची स्टिकरसारखी तिकिटं पाण्याने सुटत नाहीत, ती कागदासकट नीट कापून ठेवा. न वापरलेलं, मागे पूर्ण गोंद असलेलं तिकीट निघालं तर त्याला पाणी अजिबात लावू नका.

रसीदी तिकिटं आणि कोर्ट फीची तिकिटं सापडली तर ती टाकू नका, वेगळ्या पाकिटात ठेवा. ती टपालाची नसली तरी त्यांचा संग्रह करणारे आहेत.

जुना टपाली

वर 'दाते मोजा' यांनी १९७२ ची रेघ ओढली ती बरोबर आहे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. पण माझ्या मते ताईंच्या पेटीतली खरी दौलत तिकिटांपेक्षा पत्त्यांत आहे.

नागपूर जागचं हललं नाही, राज्यं मात्र बदलत गेली. १९५० पर्यंतच्या पत्रांवर 'सी. पी.' (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांत) किंवा 'सी. पी. अँड बेरार' (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) दिसेल. १९५० ते ५६ नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी, म्हणून पत्त्यात 'एम. पी.'. नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्य, १ मे १९६० पासून महाराष्ट्र, आणि १९७२ नंतर ४४०००१ वगैरे. लोक सवयीने जुनंच राज्य लिहीत राहायचे, त्यामुळे १९५७ च्या शिक्क्याखाली 'एम. पी.' सापडणं अगदी शक्य आहे. असं पत्र मिळालं तर ते वेगळं काढा, फार सुंदर नमुना आहे तो. भाचीचा पहिला अल्बम एवढ्यावरच उभा राहतो: एकच शहर, बदलत गेलेला पत्ता. इतका आपला विषय विकत घेऊन मिळत नाही.

तिकिटंही सोबत साक्ष देतात. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि भारताच्या नकाशाची नव्या पैशांतली मालिका त्याच दिवशी निघाली. १ जून १९६४ ला 'नये' हा शब्द गेला. म्हणजे तिकिटावर आणे, नये पैसे की नुसते पैसे, एवढ्यावरून शिक्का पुसट असला तरी काळ अदमासता येतो.

शिक्का वाचताना कडेच्या गोलात टपाल कार्यालयाचं नाव आणि मध्ये तारीख पाहा. साल बहुधा शेवटच्या दोन आकड्यांतच असतं. पाकिटाची मागची बाजू पाहायला विसरू नका. पोचल्याचा शिक्का तिथे असतो, आणि दोन तारखांमधून प्रवासाचे दिवस निघतात. आर. एम. एस. म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेचा शिक्का दिसला तर तो वेगळ्या पानावर.

मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास यांपैकी एका शहरातून दुसऱ्याला गेलेली १९४९ नंतरची पत्रं कुठे मिळाली तर तीही राखा. रात्रीची हवाई डाक त्या वर्षी सुरू झाली. चारही शहरांतून विमानं निघायची, मध्यरात्री नागपुरात एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत ज्याची त्याची डाक पोचायची. अशा पाकिटावर नागपूरचा शिक्का असेलच असं नाही, कारण इथे थैल्या बदलायच्या, पत्रं नाही. पण आदल्या संध्याकाळी दिल्लीत पडलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासला पोचलं असेल, तर ते आपल्या सोनेगावच्या धावपट्टीवरून गेलं हे जवळजवळ नक्की धरा.

महालची मावशी

किती किती आभार जी! 'एम. पी.' लिहिलेली बरीच आहेत, वेगळी काढायला घेतली. आता ठेवायचं कशात ते सांगा. घरी चिकट पानांचा फोटो अल्बम पडला आहे, तो चालेल का? आणि ऑनलाइन 'जगभरातली ५०० तिकिटं' असं पाकीट मिळतं, ते भाचीला हवं आहे.

धरमपेठचा संग्राहक

फोटो अल्बम मुळीच नको. त्याच्या चिकट पानांवरून तिकीट परत निघत नाही. सेलोटेपही नको, त्याचा पिवळा डाग कायमचा राहतो.

सुरुवातीला एवढंच घ्या: सोळा पानी स्टॉकबुक (न चिकटवता तिकिटं खोचायच्या पट्ट्या असलेली वही), चपट्या टोकाची तिकिटांची चिमटी आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग. भुवया उपटायची चिमटी चालत नाही, तिची टोकं कागदात रुततात. तिकिटाला हात न लावता चिमटीनेच उचलायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, घामाचे डाग काही वर्षांनी तपकिरी होऊन वर येतात. अख्ख्या पाकिटांसाठी त्यांच्या मापाच्या पारदर्शक पिशव्या घ्या. पिशवीला प्लास्टिकचा उग्र वास येत असेल तर ती बहुधा पीव्हीसीची, ती तिकिटाचा रंग खाते.

नागपुरात सगळ्यात मोठा धोका पावसाळ्याचा आणि कूलरचा. कूलर ओली हवा फेकतो. त्या खोलीत मे महिन्यातही न वापरलेल्या तिकिटांचा गोंद पाघळतो आणि ती एकमेकांना चिकटतात. स्टॉकबुक कूलर नसलेल्या खोलीत, पुस्तकासारखं उभं ठेवा. आडवी थप्पी लावली की वजनाने खालची चिकटतात. कपाट पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला लागून नको. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी, बाहेर कोरडी हवा असेल तेव्हा, पानं उघडून पाच मिनिटं वारा द्या. कसरीसाठी डांबरगोळी ठेवणारच असाल तर ती तिकिटांना किंवा प्लास्टिकला टेकू देऊ नका.

नव्या तिकिटांसाठी सिव्हिल लाइन्सच्या जी. पी. ओ. मध्ये फिलाटेली ब्युरोत, म्हणजे संग्राहकांसाठीच्या तिकीट खिडकीवर जा. तिकिटं छापील किमतीलाच मिळतात, सोबत माहितीपत्रक आणि फर्स्ट डे कव्हर (तिकीट निघाल्याच्या दिवसाचा शिक्का असलेलं खास पाकीट) घेता येतं. माहितीपत्रक जरूर घ्या, भाचीचा अर्धा अभ्यास त्यातच होतो. तिथेच फिलाटेली डिपॉझिट खातं उघडा, किमान २०० रुपये भरून. नवं तिकीट निघालं की खात्यातून पैसे वळते होतात आणि तिकीट घरपोच येतं.

सहावीत आहे म्हणून आणखी एक गोष्ट. टपाल खात्याची दीनदयाल स्पर्श योजना सहावी ते नववीच्या मुलांसाठी आहे, वर्षाला ६,००० रुपये शिष्यवृत्ती. शाळेच्या फिलाटेली क्लबचं सदस्यत्व लागतं, शाळेत क्लब नसेल तर स्वतःचं डिपॉझिट खातं चालतं. परीक्षेचे गुण, प्रश्नमंजूषा आणि तिकिटांवरचा प्रकल्प पाहतात. पत्त्यांचा अल्बम प्रकल्प म्हणून शोभेल.

५०० च्या पाकिटाबद्दल: त्यातली बरीच तिकिटं कधी पत्रावर लागलेलीच नसतात. एका कोपऱ्यात नेटका पाव शिक्का आणि मागे अख्खा गोंद, ही त्यांची खूण. मुलांना देश ओळखायला ठीक, पण त्याच पैशांत भाचीला एक विषय धरून द्या. विदर्भातल्या पोरीला वाघ आवडतोच. १९६३ च्या वन्यप्राणी मालिकेत ५० नव्या पैशांवर वाघ आहे आणि १० नव्या पैशांवर गवा. दोघेही ताडोबाचे रहिवासी, तिथून सुरुवात करा.

दाते मोजा

एक राहिलं. पेटीत १९७१ ते ७३ ची पाकिटं असतील तर त्यांवर ५ पैशांचं एक जादा तिकीट शोधा. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून ३१ मार्च १९७३ पर्यंत ते लावणं सक्तीचं होतं. आधी कुटुंब नियोजनाच्या तिकिटावर 'रिफ्यूजी रिलीफ' छापून काढलं, मग स्वतंत्र तिकीट आलं. काही ठिकाणी स्थानिक पातळीवर रबरी शिक्क्यानेही ही अक्षरं उठवली गेली. सुट्या तिकिटावर ती कोणीही उठवू शकतं. पाकिटावर मात्र टपालाचा शिक्का त्या अक्षरांच्या वरून गेलेला दिसतो. भिंगाखाली तेवढं तपासा, आणि ते पाकीट पहिल्या ढिगात ठेवा.