बी.एस्सी. अर्थशास्त्र, पहिलं सत्र : बारावी कला, मराठी माध्यम, गणित सुटलेलं. वेळ कुठे घालू?

कोरा_कागद

बारावी कला शाखेतून, मराठी माध्यमातून. दहावीनंतर गणित नाही. सध्या पुण्यात बी.एस्सी. अर्थशास्त्राच्या पहिल्या सत्रात आहे, शिकवणं इंग्रजीतून.

मायक्रोच्या (सूक्ष्म अर्थशास्त्राच्या) तासाला फळ्यावर डेरिव्हेटिव्ह आलं की पुढचं सगळं डोक्यावरून जातं. ट्युटोरियल शीटमधली सोडवलेली गणितं वाचली की पटतात, कोऱ्या कागदावर स्वतः करायला घेतली की पहिल्याच ओळीला गाडी अडते. स्टॅटिस्टिक्स आणि मॅक्रो (अख्ख्या देशाचं अर्थशास्त्र) ठीक चाललंय असं वाटतंय. पहिली इंटर्नल परीक्षा तीन आठवड्यांवर आहे, रोज दीड-दोन तास निघतात. ते कुठे घालू? गणिताची शिकवणी लावावी का? आणि मराठीतून शिकलेलं अर्थशास्त्र आता विसरायचं का?

तिरका_वक्र

शिकवणीची घाई करू नकोस. शिकवणीत अकरावीच्या गणिताचं पुस्तक पहिल्या पानापासून सुरू होईल आणि त्रिकोणमिती संपेपर्यंत तुझी इंटर्नल होऊन गेलेली असेल. पहिल्या सत्राच्या मायक्रोला लागतं ते एवढंच : सरळ रेषेचं समीकरण, दोन समीकरणं एकदम सोडवणं, घातांकाचे नियम आणि डेरिव्हेटिव्हचा (बदलाच्या वेगाचा) घाताचा नियम. म्हणजे घात खाली आणून गुणायचा आणि वरचा घात एकाने कमी करायचा. नगाच्या वर्गाचं होतं २ × नग, ५ × नगचं होतं ५, नुसत्या आकड्याचं शून्य. चार-पाच दिवसांत हात बसतो.

वाचलेलं पटतं आणि लिहिताना अडतं, याचं कारण वेगळं आहे. वीस गणितं वरवर पाहण्यापेक्षा एक समीकरण पिळून काढ. हे घे :

नग = १०० − २ × किंमत

आधी तक्ता. किंमत १० असेल तर ८० नग, २० ला ६०, २५ ला ५०, ४० ला २०. आता आलेख काढ. इथेच पहिला खड्डा आहे. अर्थशास्त्रात किंमत उभ्या अक्षावर घेतात आणि नग आडव्या, पण समीकरण नग काढायचं आहे. म्हणजे काढलेली रेषा असते किंमत = ५० − नग ÷ २ याची. आलेखावर उतार वजा अर्धा दिसतो, समीकरणात वजा दोन. दोन्ही बरोबर आहेत, फक्त कुठे कुठला वापरायचा ते माहीत हवं. लवचिकतेच्या (किंमत एक टक्क्याने बदलली तर नग किती टक्क्यांनी बदलतात, त्या मापाच्या) सूत्रात वजा दोनच जातो. अर्धा घातला की उत्तर चौपट चुकतं आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही.

लवचिकता = २ × किंमत ÷ नग (वजा चिन्ह सोडून). किंमत २० ला ०.६७, २५ ला बरोबर १, ४० ला ४. रेषा एकच, उतार एकच, लवचिकता मात्र प्रत्येक बिंदूला वेगळी. उतार म्हणजे लवचिकता नव्हे, हे वाक्य पाठ करण्यात अर्थ नाही. हे तीन आकडे स्वतः काढले की ते आपोआप बसतं.

मग त्याच तक्त्याला एकूण प्राप्तीचा रकाना जोड : १० × ८० = ८००, २० × ६० = १२००, २५ × ५० = १२५०, ४० × २० = ८००. सगळ्यात जास्त २५ ला, जिथे लवचिकता १ आहे तिथेच. आता घाताचा नियम वापर. प्राप्ती = ५० × नग − नगाचा वर्ग ÷ २, म्हणून सीमांत प्राप्ती (आणखी एक नग विकून वाढणारी प्राप्ती) = ५० − नग, आणि ती ५० नगांना शून्य होते. तक्ता, लवचिकता, डेरिव्हेटिव्ह, तिन्ही वाटा एकाच जागी आल्या. हे एकदा हाताने केलं की फळ्यावरचं डेरिव्हेटिव्ह अंगावर येत नाही.

दुसरं समीकरण खर्चाचं : खर्च = १०० + १० × नग + नगाचा वर्ग. सीमांत खर्च, सरासरी खर्च, आणि सरासरी कुठे सगळ्यात कमी, ते काढून इथे टाक.

चौथा_बाक

वरचं सगळं मान्य, पण मराठीच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही.

विसरू नका. काही ठिकाणी मराठी परिभाषा इंग्रजीपेक्षा चोख आहे. इंग्रजीत ‘डिमांड’ आणि ‘क्वांटिटी डिमांडेड’ यांतला फरक एका शब्दावर लटकलेला असतो आणि पोरं तिथेच घसरतात. तुम्ही बारावीला विस्तार-संकोच वेगळे आणि वृद्धी-ऱ्हास वेगळे शिकलात. किंमत बदलली की त्याच वक्रावर सरकणं म्हणजे विस्तार किंवा संकोच. उत्पन्न, आवड, पर्यायी वस्तूची किंमत असं दुसरं काही बदललं की अख्खा वक्र सरकतो, ती वृद्धी किंवा ऱ्हास. अवकाळी पावसाने कांदा सडला, लासलगावला भाव चढले, लोकांनी कमी घेतला. बातमीत येतं ‘मागणी घटली’. मागणीचा वक्र जागचा हललेला नसतो. पुरवठ्याचा वक्र डावीकडे गेला आणि मागणीचा फक्त संकोच झाला. इंग्रजीत उत्तर लिहिताना मनात हे चार मराठी शब्द ठेवा.

टाकायची आहे ती बोर्डाची उत्तराची सवय. अर्थ, व्याख्या, गृहीतके, आकृती, अपवाद, टीका या क्रमाने तीन पानं भरली तरी इथे गुण चालून येत नाहीत, कारण प्रश्न ‘नियम स्पष्ट करा’ असा नसतो, ‘अमुक झालं तर काय होईल’ असा असतो. उत्तर चार-पाच ओळींचं : काय बदललं, त्याने कुठला वक्र हलतो, कुठल्या दिशेने, नवा समतोल कुठे, आणि कुठल्या परिस्थितीत हे उत्तर उलटेल. आकृतीला अक्षांची नावं नसतील तर ती आकृती नव्हे, नक्षी आहे. ‘इतर परिस्थिती कायम असताना’ हे बारावीत मंत्रासारखं म्हटलं जातं. इथे नेमकी कुठली परिस्थिती कायम धरली ते लिहायचं.

रोजच्या बोलण्यातले दोन शब्द मात्र दगा देतात. मॅक्रोमध्ये ‘गुंतवणूक’ म्हणजे यंत्रं, इमारती, साठ्यातला बदल. शेअर किंवा जुना फ्लॅट घेणं ही मालकीची अदलाबदल, ती त्यात येत नाही. आणि ‘नफा’. स्वतःच्या गाळ्यात दुकान आहे, सगळे खर्च जाऊन महिन्याला ३०,००० उरतात, गाळा भाड्याने दिला असता तर १२,००० आले असते आणि मालकाला दुसरीकडे १८,००० पगार मिळाला असता. हिशेबनीसाच्या वहीत नफा ३०,०००, अर्थशास्त्राच्या वहीत शून्य. तरी दुकान बंद करायचं कारण नाही. पूर्ण स्पर्धेत दीर्घकाळात नफा शून्य का, हे कोडं या गाळ्यात सुटतं.

जाता जाता : दोन क्रेडिटचे ओपन इलेक्टिव्ह वगैरे विषय वाऱ्यावर सोडू नका. सीजीपीए (सगळ्या श्रेणींची सरासरी) क्रेडिटच्या भाराने निघतो, आणि कमी मेहनतीत चांगली श्रेणी बहुधा तिथेच मिळते.

आकडेमोड

माझं लक्ष ‘स्टॅटिस्टिक्स आणि मॅक्रो ठीक चाललंय’ या वाक्यावर अडलं. मायक्रोत अडलं की कळतं तरी. या दोन विषयांत चुकीचं उत्तरही बरोबर वाटतं.

तपासून घे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ६.२५ केला. किती टक्के कपात? वर्तमानपत्रात ‘पाव टक्का’, आणि बोलायला ते ठीक आहे. पण तो फरक पाव टक्का-बिंदूंचा, म्हणजे २५ बेसिस पॉइंटचा. टक्केवारीत मोजला तर दर जवळपास ३.८ टक्क्यांनी उतरला. किमतींच्या निर्देशांकाचंही तेच : १९० वरून १९९.५ झाला तर महागाई ९.५ नव्हे, ५ टक्के. चालू किमतींची वाढ १० टक्के आणि डिफ्लेटरची, म्हणजे जीडीपीतल्या किमतींच्या निर्देशांकाची, वाढ ४ टक्के असेल तर खरी वाढ ६ नाही, १.१० ÷ १.०४, म्हणजे ५.८. आकडे लहान असताना वजाबाकी चालून जाते, म्हणून ती खोड लागते. महागाई ३० टक्के असलेल्या देशाचं उदाहरण आलं की तोंडघशी पडतो.

स्टॅटिस्टिक्ससाठी ४, ६, ८ हे तीन आकडे घे. सरासरी ६, फरकांच्या वर्गांची बेरीज ८. तीनने भागलं तर प्रमाण विचलन १.६३, दोनने भागलं तर २. स्प्रेडशीटमध्ये यासाठी दोन वेगळी फंक्शनं आहेत, शेवटी ‘पी’ असलेलं पूर्ण समष्टीसाठी, ‘एस’ असलेलं नमुन्यासाठी. वहीतलं आणि लॅपटॉपवरचं उत्तर जुळलं नाही की आधी हे बघ.

आठवड्यातून एक तास खऱ्या आकड्यांना दे. महाराष्ट्राची आर्थिक पाहणी राज्याच्या अर्थसंकल्पाच्या सुमारास येते आणि मराठीतही असते, तुला ती सोयीची पडेल. एक तक्ता उचल, हाताने स्प्रेडशीटमध्ये भर, वाढीचे दर काढ, छापलेल्या दरांशी ताडून बघ. एक पथ्य : दोन वेगळ्या पायावर्षांच्या (ज्या वर्षाच्या किमती आधार धरतात त्या वर्षांच्या) मालिका खालीवर चिकटवायच्या नाहीत. देशाच्या जीडीपीची २००४-०५ पायाची मालिका आणि २०११-१२ पायाची मालिका जोडली तर सांध्याच्या वर्षी भलतीच वाढ किंवा घसरण दिसते. ती अर्थव्यवस्थेत झालेली नसते, मोजपट्टी बदललेली असते.

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार. खर्चाचं केलं. सीमांत खर्च = १० + २ × नग. सरासरी १० नगांना सगळ्यात कमी, ३०, आणि तिथे सीमांतही ३०. एक शंका : ५ नगांना सूत्राने सीमांत खर्च २० येतो. तक्त्यात मात्र ५ चा खर्च १७५, ६ चा १९६, म्हणजे २१. बरोबर कुठला?

आणि शीटमधलं कराचं गणित अडलं. मागणी तुमचीच, पुरवठा नग = ३ × किंमत. समतोल किंमत २०, नग ६०. नगामागे १० रुपये कर. मी नवी किंमत ३० धरली, तर मागणी ४० येते आणि पुरवठा ९०. जुळतच नाही.

तिरका_वक्र

दोन्ही बरोबर. २० हा बरोबर पाचव्या नगाच्या बिंदूवरचा वेग, २१ हा पाच ते सहा या पूर्ण पावलाचा खर्च, आणि पाऊल टाकता टाकता वेग वाढतोय. प्रश्नात समीकरण दिलं असेल तर डेरिव्हेटिव्ह, नुसता तक्ता असेल तर वजाबाकी.

करात तू सगळा बोजा ग्राहकावर टाकून मोकळी झालीस, आणि वर विक्रेत्यालाही ३० च मिळतात असं धरलंस. कर लागला की किमती दोन होतात. ग्राहक देतो ती ‘किंमत’, विक्रेत्याच्या हाती पडते ती ‘किंमत − १०’. पुरवठा दुसरीवर चालतो :

१०० − २ × किंमत = ३ × (किंमत − १०)

१३० = ५ × किंमत. ग्राहक देतो २६, विक्रेत्याला मिळतात १६, नग ४८. दहा रुपयांतले सहा ग्राहकाने सोसले, चार विक्रेत्याने. इथे पुरवठ्यापेक्षा मागणी कमी लवचिक आहे (२० ला ०.६७, पुरवठ्याची १), म्हणून तिच्या वाट्याला जास्त. सरकारला ४८० मिळाले. जे १२ नग विकलेच गेले नाहीत त्यांचं नुकसान त्रिकोणाच्या क्षेत्रफळाने काढतात, अर्धा × १० × १२ = ६०.

आता हेच गणित कर ग्राहकाकडून वसूल होतो असं धरून पुन्हा मांड. मागणीच्या बाजूला किंमत + १० येईल. उत्तर तेच आलं पाहिजे, २६ आणि १६. नाही आलं तर कुठल्या ओळीत ‘किंमत’ म्हणजे कोणाची किंमत, ते समासात लिहून बघ.