ध्यानाले बसलो का मन धुऱ्यावर जाते, मैत्री भावना कशी करायची?

वावरवाला_यवतमाळ: आमच्या विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासात ध्यानाचा वर्ग झाला, तवापासून घरीच पहाटे बसून राहिलो. श्वास पाहा म्हणतात पण दोन श्वास झाले का डोकं सुरू, सोयाबीनचा भाव, पोराची फी, रात्रीची लाईन कवा येते. अन शेवटी मैत्री भावना, म्हणजे सगळ्यांचं मंगल हो म्हणायचं असते, तिथं तर गाडीच अडते, शेजाऱ्याने धुरा (वावराचा बांध) कोरून आमच्यातले दोन-तीन तासं (नांगराच्या ओळी) घेतले, त्याचं मंगल हो म्हणतो तवा तोंड बोलते अन छातीत जळते. हे ढोंग नाही का? डोळे मिटले का झोपही येते. कोणी करत असन तर नीट सांगा.

आनापान_वर्धा: भाऊ, मन पळालं हे ध्यानात आलं अन तुम्ही परत श्वासावर आले, अभ्यास तोच आहे. रागावू नका मनावर. विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींच्या दहा दिवसाच्या शिबिरात पयले तीन दिवस नुसतं आनापान असते, नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा, लांब-आखूड करायचा नाही कारण हा प्राणायाम नोहे. मैत्री शिकवतात थेट दहाव्या दिवशी, मन थोडं निवल्यावर. तुम्ही सध्या धा मिनिटं बसा, त्यातले आठ श्वासाले द्या. झोप येत असन तर भिंतीले टेकू नका, डोळे अर्धे उघडे ठेवा नाहीतर अंगणात हळूहळू चालत पाय टेकतो ते पाहा. अन ओलितावरून रात्री आले असान तर पयले झोपा, ध्यान मंग. शिबिराले फी नसते, राहणं-जेवण दानावर चालते, नागपूरजवळ केंद्र आहे, पण वेचणीच्या दिवसात जाऊ नका, फोन जमा करावा लागते.

कापूसवेची_ताई: दादा, धुऱ्यावाल्यापासून सुरुवातच करू नका ना! पाचव्या शतकात बौद्ध आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग हा ध्यानाचा पाली ग्रंथ लिहिला, त्यात क्रम दिला आहे, आधी स्वतः, मग ज्याच्याबद्दल आदर वाटतो तो, मग जिवाभावाचा माणूस, मग ज्याच्याशी घेणं न देणं असा, अन वैरी सगळ्यात शेवटी. वैऱ्यापाशी राग उसळला तर मागे फिरून सोप्या माणसावर या असंही त्यातच आहे, म्हणून ढोंग वगैरे मनात आणू नका. मी शाळेतल्या बाईंपासून करते, त्या सुखी असो, निरोगी असो, एवढंच, घाई न करता. बिनओळखीच्यात बाजारातला भाजीवाला धरते. वेचणी करतानाही होते हे, हात बोंडावर अन लक्ष श्वासावर. अन मैत्री म्हणजे जमीन सोडून देणं नाही, भूमी अभिलेखमध्ये मोजणीचा अर्ज करा, पैसे भरा, हद्द कायम करून घ्या. मनात वैर न ठेवताही हक्क मागता येतो, मला तर उलट बोलायला सोपं गेलं.

गावची_आशा: एक गोष्ट राहिली. बसल्यावर जीव घाबरत असेल, जुनं काही वर येऊन रडू थांबत नसेल तर जोर करू नका, डोळे उघडा, पाय जमिनीवर टेकलेत ते जाणवून घ्या आणि त्या दिवशी तिथेच थांबा. ध्यान सुरू केलं म्हणून डॉक्टरच्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. रात्र रात्र झोप नसेल, जगणं नको वाटत असेल तर 14416 वर फोन करा, सरकारची टेली मानस सेवा आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलतात. नापिकीच्या वर्षी हे घराघरात सांगावं लागतं म्हणून इथंही लिहिते.

वावरवाला_यवतमाळ: ताई, मोजणीचं मनात होतंच, आता करतोच. एक विचारू, माझी माय वारली, तिच्यापासून मैत्री सुरू केली तर चालन का? तिच्याबद्दल मनात काहीच अडत नाही.

कापूसवेची_ताई: दादा, त्याच ग्रंथात मेलेल्या माणसावर मैत्री करू नये असं सांगितलं आहे, तिथं मन लागत नाही म्हणतात. मायची आठवण येईन तर येऊ द्या, पण मैत्रीसाठी जिवंत माणूस धरा, मावशी, मामा, कोणीही, ज्याचं नाव घेतलं का तुमचा चेहरा सैल होतो.