मदत हवी आहे: पाश्चर यांच्या प्रयोगातील चंबू गढूळ होतो

शाळेच्या प्रदर्शनासाठी लुई पाश्चर यांचा 1860 च्या सुमाराचा, हंसासारख्या वाकड्या मानेच्या चंबूचा, जीव आपोआप उपजत नाहीत हे दाखवणारा प्रयोग उभारत आहोत. मान शाबूत असेल तर हवेतील जंतू तिच्या वाकणात अडकून आतले उकळलेले पाणी स्वच्छ राहायला हवे; परंतु अशा चंबूतील हरभऱ्याचे पाणीसुद्धा अर्धा तास खळखळून उकळूनही दोन-तीन दिवसांत गढूळ होते आणि त्यावर सुरकुतलेली साय धरते. मानेला चीर नाही, बूच मेणाने बंद केले आहे आणि उकळण्याचा वेळ दुप्पट करूनही उपयोग झालेला नाही. फर्डिनांड कोह्न यांनी 1876 मध्ये वर्णिलेले, उकळीला दाद न देणारे जिवाणूंचे बीजाणू (त्यांचे टणक, सुप्त रूप) हेच कारण असावे. (पाश्चर यांचे प्रतिस्पर्धी पूशे यांचा गवताचा काढाही असाच बिघडे!) शाळेत ऑटोक्लेव्ह (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) नाही आणि लांब मानेमुळे चंबू प्रेशर कुकरमध्ये मावत नाही. अशा वेळी जॉन टिंडल यांच्या 1877 च्या पद्धतीप्रमाणे लागोपाठ तीन दिवस उकळून, मधल्या काळात बीजाणूंना अंकुरू दिले तर पुरेल का, आणि दर वेळी किती मिनिटे उकळावे?